अण्णांना म्हणायचंय की…

अण्णा, मी सध्या सिनेमात काम कसं करायचं ते शिकतोय. बसून वाचा, म्हणजे तुम्ही जिथं असाल तिथं बसायची सोय असेल तर. पन्नाशी उलटलेला, आयुष्यभर पोरांकडून शब्दरूपं घोकून घेतलेला तुमचा मुलगा दर शनिवार-रविवारी सकाळी स्कूटर काढतो आणि सिडकोत मंडपवाल्याच्या गोदामावरच्या हॉलमध्ये जाऊन रडायला, चिडायला आणि गप्प बसायला शिकतो. पहिल्या दोन गोष्टी बऱ्या जमतात. तिसरीपायी हे पत्र लिहायला बसलोय. तुमच्या वेळचं औरंगाबाद आता पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर झालंय, रिक्षावाले मात्र दोन्ही नावांना थांबतात. बाकी जालना रोड होता तसाच, फक्त गाड्या वाढल्या आणि सावली कमी झाली.

इथवर कसा पोचलो ते थोडक्यात सांगतो, विस्तारानं सांगायचं काम तुमच्या सुनेनं सगळ्या नातेवाइकांत उरकलेलं आहे. गेल्या हिवाळ्यात खुलताबादच्या बाजूला कसलंसं शूटिंग चाललं होतं. त्यातल्या नटाला लग्न लावतानाचे मंत्र म्हणायचे होते आणि त्याची जीभ काही केल्या वळत नव्हती. कॉलेजात संस्कृतला हल्ली मुलांपेक्षा बाक जास्त, मास्तर मोकळाच, म्हणून कुणीतरी मला उच्चार सुधारायला नेलं. दुपारपर्यंत उच्चार सुधारले नाहीत. शेवटी दिग्दर्शकानं वैतागून माझ्याच खांद्यावर उपरणं टाकलं आणि मला कॅमेऱ्यासमोर बसवलं. मी खणखणीत म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांची मला जुनी खोड आहे, तुम्हांला ती चांगली माहीत आहे, तिच्याकडे पुढं येतोच. घरी आल्यावर तुमची सून म्हणाली, "घरात काय कमी नाटकं करता, म्हणून आता बाहेर शिकायची?" आणि तुमच्या नातीनं परस्पर क्लासला माझं नाव घालून टाकलं.

या क्लासमध्ये धडे देत नाहीत, प्रसंग देतात. दोघा-दोघांच्या जोड्या लावतात, प्रत्येक जोडीला दोन पानांचा एक प्रसंग. आधी समोरासमोर खुर्च्या टाकून, गुडघ्याला गुडघा लावून तो नुसता वाचायचा. मग मॅडम एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, की समोरच्याकडून तुला काय पाहिजे? मग उभं राहून करायचा. मॅडम मध्येच थांबवतात. पुन्हा करायचा. त्याच दोन पानांवर आठवडेच्या आठवडे जातात. मग कॅमेरा लावतात, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर सगळ्यांनी मिळून ते बघायचं आणि कोणाला काय दिसलं ते बोलायचं. आमच्याकडे एकेका सूत्रावर पिढ्या खपल्या आहेत, त्यामुळे दोन पानांना दोन महिने हे मला फार वाटलं नाही. उलट मनातून जरा खूशच होतो. पाठांतर म्हटलं की आपण पुढं.

मॅडम मूळच्या इथल्याच, पैठण गेटच्या. मुंबईत बरीच वर्षं नटनट्यांना तयार करून आता परतल्या आहेत. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरतात आणि रागावल्या की थेट आपल्या दखनीत उतरतात. माझ्या जोडीला त्यांनी एक पंचविशीची मुलगी दिली. चिकलठाण्याला एका कंपनीच्या ऑफिसात काम करते, लहानपणापासून वस्तीतल्या जयंतीच्या स्टेजवर उभी राहिलेली, त्यामुळे भीड म्हणून नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काका, मी तुमच्या पाया पडू का, का तुम्हांला मी मुलीसारखी वाटायला पाहिजे? कारण सीनमध्ये मी तुमची पोरगी आहे." मी म्हटलं, "पाया नको, गुडघे दुखतात, तुला उचलता येणार नाही." जमलं आमचं.

प्रसंग असा. एसटी स्टँडच्या बाकावर बाप आणि लग्न झालेली मुलगी बसलेत. बाप तिला सासरच्या गाडीत बसवून द्यायला आलाय, हातात भुईमुगाच्या शेंगांचा पुडा. मुलीला सांगायचंय की ती परत जाणार नाही. बोलायचं सगळं तिनंच, तेही अडखळत, तुटक, अर्ध्यावर सोडून पुन्हा उचलत. बापाची वाक्यं तीन. "गाडी लागली का?", मग मधोमध एक "हं", आणि शेवटी "चल घरी." मला जरा लागलंच, अण्णा. तीस वर्षं तास-तास बोलण्याचा पगार घेतलेल्या माणसाला तीन वाक्यं, त्यातलं एक "हं". मी भरपाई म्हणून तिचीही सगळी वाक्यं पाठ केली. शिवाय कंसातल्या सूचना.

हा प्रसंग तिच्यासाठी नुसता अभ्यास नव्हता. इथल्याच भागात एक मराठी सिनेमा होणार आहे आणि त्यांना इथलीच मुलगी हवी आहे. आमच्या मॅडमकडं त्यांनी निरोप धाडला होता, की एखाद्या मुलीचा प्रसंग शूट करून पाठवा, पण तोडजोड नको, एका दमात केलेला हवा आणि दोघंही सतत चौकटीत दिसायला हवेत. मॅडमनी हिचं नाव दिलं. तिच्या घरी ठरलेलं होतं की हे एकदा होऊ द्यायचं, नाही जमलं तर पाहुणे बघायला यायला मोकळे. "पाहुणे तर रांगेत उभेत काका," ती सांगायची, "सिनेमावालेच तेवढे लाजायलेत." म्हणजे तिच्या त्या दोन पानांत माझा चेहरा पहिल्यापासून शेवटपर्यंत असणार होता, तिला आवडो न आवडो.

पहिल्यांदा कॅमेरा लावला तो दिवस. आम्ही केलं, मला वाटलं उत्तम झालं. खाली गालिच्यावर बसून सगळे टीव्हीकडं बघायलो. ती बोलतेय, आणि तिच्या शेजारी बसलेल्या त्या टकल्या गृहस्थाचे ओठ हलताहेत. आवाज नाही, पण शब्दन् शब्द. ती "अप्पा" म्हणायच्या आत ह्याचा "अ" लागलेला. जिममध्ये शिकवणारा एक दांडगा पोरगा आमच्या वर्गात आहे, तो ओरडला, "अरे, काका तर कराओके करायलेत!" हॉल हसून हसून लोळला. मीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, इत्ती जल्दी कायकू? तिचं वाक्य आहे, तिला म्हणू द्या."

पुढच्या वेळी ओठ घट्ट मिटून बसलो. ते टीव्हीवर आणखी वाईट दिसलं. ओठ बंद, पण बाकी सगळा चेहरा तिच्या पुढं पळतोय. ती अडखळली की ह्याच्या भुवया वर. शब्द यायच्या आधी ह्याची मान हललेली. डोळ्यांत एक अशी दयाळू घाई, की चल, चल, कळलं मला, संपव. आणि ती मुलगी त्या चेहऱ्याकडं बघून आपलं बोलणं आवरतं घेतेय, हे स्पष्ट दिसत होतं. वाक्य लहान होतंय, आवाज खाली जातोय, शेवटचे शब्द तर तिनं नुसते टाकून दिले. मॅडमनी तिथं चित्र थांबवलं. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "काका, राग नका मानू. तुमचं तोंड बघितलं की मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं होतं. तुम्हांला उत्तर माहीत असतं ना, मग मी कायला बोलू असं वाटतं."

अण्णा, टीव्हीवर थांबलेला तो चेहरा मी तोपर्यंत कधी पाहिला नव्हता. पाहणार कसा, मी त्याच्या मागे होतो. तुम्ही पाहिलात. कन्नड गावच्या आपल्या घरात, जेवताना, दुकानात, पाहुण्यांत, तुम्ही तोंड उघडलं की समोर तोच चेहरा असायचा. बाकीचे उठले, कुणीतरी चहा सांगायला खाली गेलं, आणि मी त्या पडद्यावरच्या माणसाला बघून इतका ओशाळलो की पाणी प्यायचं निमित्त करून जिन्यात जाऊन उभा राहिलो.

तुमची जीभ अडायची. आपण घरात याला कधी नाव दिलं नाही. लहानपणी आजीनं तुमच्या जिभेला वेखंड उगाळून लावलं होतं, त्याचा उपयोग झाला नाही, एवढं ऐकून होतो. तुम्ही चित्रकलेचे मास्तर झालात, मला वाटतं, फळ्यावर जे काढता येतं ते बोलावं लागत नाही म्हणून. आणि मला तुम्ही गल्लीतल्या म्हाताऱ्या शास्त्रीबुवांकडं घातलंत, माझीही जीभ तशी होऊ नये म्हणून. मंत्र म्हटले की जीभ सुटते असं कुणीतरी तुम्हांला सांगितलेलं. संध्याकाळी तुम्ही मला त्यांच्या ओट्यापर्यंत सोडायचा आणि समोरच्या लिंबाखाली उभं राहून ऐकायचा. शास्त्रीबुवा अर्धा चरण म्हणायचे आणि थांबायचे, उरलेला अर्धा आम्ही पोरांनी म्हणायचा. जो आधी म्हणेल त्याच्या पाठीवर थाप. थांबलेल्या माणसाचं उरलेलं आपण म्हणून टाकायचं, ही माझी पहिली विद्या, आणि ती तुम्ही मला दिलीत. मी ती घरी घेऊन आलो आणि तुमच्यावरच चालवली.

स्वयंपाकघर आठवतं. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर, मी तुमच्या समोर. तुम्ही काहीतरी सांगायला घेता, "आज शाळेत त्या... त्या..." आणि मी लगेच, "त्या इन्स्पेक्टरनं काय केलं?" तुम्ही मान हलवता. इन्स्पेक्टर आले होते की नव्हते देव जाणे, पण मान हलवणं सोपं होतं. मग ती गोष्ट इन्स्पेक्टरचीच व्हायची. आई हात न थांबवता म्हणायची, "त्यायला बोलू दे की. तुला कोण्या गाडीला जायचंय?" आणि ती स्वतः काय करायची? ती तुमच्या तोंडाकडं कधी बघायची नाही. भाकरीकडं बघायची. तुम्ही अडलात की तिचा हात त्याच लयीत चालू राहायचा, थप थप थप, भाकरी फिरायची, पातळ व्हायची, आणि केव्हातरी तुमचा शब्द यायचा. मला वाटायचं तिचं लक्ष नाही. मला वाटायचं, या घरात अण्णांकडं लक्ष देणारा मी एकटा.

तुमचा तपकिरी सफारी आठवतो? मला आठवतो, कारण तुम्ही तो विरेपर्यंत घातलात. इथं औरंगाबादच्या बाजारात, गुलमंडीवर कापड घ्यायला आलो होतो, दुकानदारानं विचारलं, "मास्तर, कोणता दाखवू?" तुम्ही हात पुढं केलात, "तो... त..." आणि मी, "तपकिरी काढा हो, तो वरचा." तुम्ही माझ्याकडं बघितलं, दुकानदाराकडं बघितलं, आणि मान हलवलीत. पुढं कितीतरी वर्षांनी आई सहज बोलून गेली, "त्यायला तो रंग बघवत नव्हता. करड्यावर मन होतं." संस्कृतात वाक्यात नसलेला शब्द वाचणाऱ्यानं आपल्या मनानं घालायचा, त्याला अध्याहार म्हणतात. त्याचे नियम कडक असतात, मनाला येईल तो शब्द घालता येत नाही. पोरांना ते नियम मी पेपरात विचारायचो. घरी मात्र बापाला तपकिरी कपडे घालून हिंडवत होतो.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. तुम्हीही नेलंत. पण तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमाचं काय करू? मी तेव्हा नुकता कॉलेजात लागलेला, नवं जाकीट, नवा चष्मा. शाळेच्या हॉलमध्ये गावची मंडळी, तुमचे जुने विद्यार्थी, मागं आत्ताची पोरं. शाल झाली, नारळ झाला, हेडमास्तर बोलले. मग त्यांनी विचारायचं म्हणून विचारलं, "मास्तर, दोन शब्द?" सगळ्यांना वाटलं तुम्ही हात जोडून बसाल. तुम्ही उठलात. माईकपाशी गेलात, तो दोन्ही हातांनी धरलात, आणि म्हणालात, "मी..."

आणि थांबलात. पंखा फिरतोय. शालीचं एक टोक खाली लोंबतंय. मागं कुठंतरी एक पोरगं फिस्कन हसतं. तुम्ही पुन्हा, "मी..." तुमची मान जराशी वर उचललेली, डोळे मिटलेले, शब्द येत असताना व्हायचे तसे. येत होता, अण्णा. आता मला ते माहीत आहे. पण मी पहिल्या रांगेतून उठलो. तुमच्या खांद्यावर हात ठेवला, माईक माझ्याकडं घेतला आणि म्हणालो, "अण्णांना म्हणायचंय की..." आणि सुटलो. गुरूंचं ऋण, विद्यार्थ्यांचं प्रेम, मधे मधे श्लोक, शेवटी गळा दाटून. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. टाळ्यांनी पत्रे वाजले. तुम्ही माझ्या शेजारी उभे होता. हात अजून तसेच पुढं, माईक धरल्यासारखे. मग तुम्ही तेच हात एकमेकांवर आपटून टाळ्या वाजवल्यात. माझ्यासाठी.

ती टाळी मी कितीतरी वर्षं मिरवली. चारचौघांत सांगायचो, की बापाचा आवाज व्हायचं भाग्य मला मिळालं. आई त्या दिवशी जीपमध्ये माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, ते मी गर्दीवर घातलं. तुम्ही गेल्यानंतर, दहावा-तेरावा उरकल्यावर, ती गहू निवडत बसली होती तेव्हा म्हणाली, "पाठ करत होते ते. रोज सकाळी गच्चीवर जाऊन. मला अख्खं म्हणून दाखवलं होतं एकदा. वेळ लागला, पण म्हटलं सगळं." मी विचारलं, काय होतं त्यात? ती सुपातले खडे वेचत राहिली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, "त्यांचं होतं ते. त्यांनी सांगितलं असतं तर सांगितलं असतं." पुढं तीही गेली आणि ते "मी" च्या पुढचं तुमच्या दोघांबरोबर गेलं. मी तेव्हाही फार खोल गेलो नाही, हे तुम्हांला सांगतो. वाईट वाटलं, पण टाळीही हातात होतीच. तिची किंमत मला कळली ती आत्ता, मंडपवाल्याच्या जिन्यात.

परत हॉलमध्ये येऊन मी त्या मुलीला म्हटलं, तू दुसरा कोणी बाप घे. मॅडमना सांगतो मी. ती म्हणाली, "वा काका! म्हणजे गाडीत बसवून द्यायच्या आधी बापच पळाला." मग जरा गंभीर होऊन, "आता नवा माणूस कुठून आणू? रविवारी शेवटचं आहे. तुम्ही फक्त... मला लवकर समजून घेऊ नका." एवढं साधं मागणं आयुष्यात कोणी माझ्याकडं केलं नव्हतं. म्हणजे केलं असेल, पण मी वाक्य पूर्ण होऊ दिलं नसेल.

रविवार. सकाळी काही टेक झाले, सगळे वाया. एकात मी नुसता खांब झालो होतो, एकात पुन्हा मान पुढं. खाली मंडपवाल्यानं बांबू उतरवायला सुरुवात केली होती, त्यांचा आवाज सुरू झाला की सगळंच संपणार होतं. मॅडम खिडकीतून ओरडून त्याला म्हणाल्या, "भाई, थोडा रुको ना," आणि आमच्याकडं वळून, "बस, ये आखरी."

आम्ही बसलो. मी शेंगांचा पुडा उघडला, "गाडी लागली का?" म्हटलं. ती बोलायला लागली, छान लागली. मग ती मोठ्या वाक्याशी आली, जिथं तिनं म्हणायचं, अप्पा, मी परत जाणार नाही. "अप्पा, मी..." आणि थांबली. प्रसंगात तिथं थांबायचंच आहे, पण हे ते थांबणं नव्हतं. मी वर्गात पोरांचे डोळे बघत आयुष्य काढलंय, पुढचं आठवत नसलेला डोळा मला ओळखू येतो. पाटी कोरी झाली होती. "अप्पा, मी..." ती पुन्हा म्हणाली.

पुढचे शब्द माझ्या जिभेवर होते. मी ओठ न हलवता ते पुटपुटू शकलो असतो. बापाच्या तोंडून "परत जायचं नाही का तुला?" असं विचारू शकलो असतो, प्रसंग सावरला असता, ती वाचली असती, सगळे म्हणाले असते काकांनी काय सांभाळून घेतलं! माझा खांदा उचललाही गेला असेल. आणि त्या क्षणी, अण्णा, मला थप थप ऐकू आलं. मी तिच्या तोंडावरची नजर काढून शेंगांवर आणली. एक शेंग फोडली. दाणे चोळले, फोलपट फुंकलं. दाणे तिच्या तळहातावर ठेवले. दुसरी शेंग घेतली. कान तिच्याकडं, हात शेंगांत. ती फोडली. तिसरी घेतली. किती वेळ गेला ते माहीत नाही, शांतता एवढी की दाणे चावल्याचा आवाज आला. तिनं ते तोंडात टाकले होते. मग ती माझ्या हातांकडं बघत, पानावर नव्हतं असं म्हणाली, "अप्पा, मी नाही जात आता तिकडं. नका पाठवू मला."

मी "हं" म्हणायचं विसरलो. "चल घरी" सुद्धा उशिरानं आलं, कारण मला खरंच आधी तिचं ऐकावं लागलं. हे वाक्य मला पाठ नव्हतं.

मॅडमनी कॅमेरा बंद केला. मग, "काका, ये शेंगेवाली बात कहाँ से लाए?" मी म्हटलं, "आमच्या स्वयंपाकघरातून." पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी ओढणीनं डोळे पुसत म्हणाली, "आज तुमच्या तोंडाची भीती नाही वाटली काका." कौतुक म्हणूनच म्हणाली बिचारी.

आणि त्यानंतर मला खरी लाज वाटली. तोपर्यंतची लाज सोसण्यासारखी होती, कारण मला वाटत होतं की तुमच्यासाठी जे करायला हवं होतं ते काहीतरी फार अवघड, तपश्चर्येचं असणार, माझ्यासारख्याला न झेपणारं. ते मूठभर शेंगांइतकं निघालं. त्या हॉलमध्ये मी पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून, तुमच्या शालीच्या टोकाकडं बघत बसून राहिलो असतो, तर पुरलं असतं. मागचं पोरगं आणखी एकदा हसलं असतं, पंखा आणखी थोडा फिरला असता, आणि तुमचं भाषण झालं असतं. आई रोज दोन वेळा ते माझ्यासमोर करून दाखवत होती. मी भाकरीची वाट बघत होतो.

तो प्रसंग त्यांनी पाठवून दिलाय. उत्तर अजून नाही. परवा क्लास सुटल्यावर ती स्कूटरपाशी आली, "काय म्हणतील हो काका?" मी म्हटलं, माहीत नाही. "तुम्हांला माहीत नाही?" ती केवढ्यांदा ओरडली, "ए, कोणीतरी लिहून ठेवा रे, काकांना माहीत नाही!" सगळे हसले. पण मग ती तिथंच, स्कूटरच्या सीटला टेकून उभी राहिली आणि नाही झालं तर काय, झालं तर आईला कसं सांगायचं, असं सगळं तुटक तुटक बोलत राहिली. मी हँडलवरचा चिखल नखानं काढत उभा होतो. बराच होता चिखल.

हे पत्र कुठं धाडायचं नाही हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं, तरी पानाच्या कडेला समास सोडला, सवय. आता शेवटचं एक सांगतो आणि थांबतो. मी हे लिहायला घेतलं तेव्हा शेवटच्या पानाच्या तळाशी सगळ्यात आधी तुमचं उत्तर लिहून ठेवलं होतं. तुमच्या बोलण्यासारखं, छोटंसं. असू दे रे, तुझ्या मनात वाईट नव्हतं, असं काहीसं. मग तिथपर्यंत पोचायला वरची पानं भरत आलो. आत्ता तिथं पोचलो आणि लक्षात आलं की मी परत उठलोय, परत तुमच्या हातातला माईक घेतलाय. खोडलं ते, अण्णा. पण रेघ बारीकच मारली आहे. खालचं अजून वाचता येतं.